खेळ मांडणाऱ्याच्या पाठीशी कोण?



ज्यांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेलं आहे, त्यांना रंगभूमी आणि माणसाचं मन या दोन्हींविषयी सारखीच ओढ होती. म्हणून संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी लगेच सांगितलं, की नाट्योपचारावर बोलेन. नाट्योपचार म्हणजे काय यावर मात्र मी कमी बोलणार आहे आणि तो करणारी माणसं एकमेकांना कशी धरून राहतात यावर जास्त. ही माणसं जगभर विखुरलेली आहेत. काही देशांत त्यांच्या संघटना आहेत, सरकारी नोंदणी आहे, विद्यापीठांत अभ्यासक्रम आहेत. काही देशांत ती बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. या सगळ्यांचा मिळून एक समाज उभा राहू शकतो का, आणि राहिलाच तर त्यानं नेमकं काय करायचं, हा आजचा प्रश्न.

सुरुवात बैरुतपासून करते. शहराच्या ईशान्येला डोंगरउतारावर रूमिये नावाचा तुरुंग आहे. लेबनॉनमधला सर्वांत मोठा, आणि क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबलेला. २००९ च्या सुरुवातीला तिथं एका नाटकाचे प्रयोग झाले. नाटक मूळचं अमेरिकन, रेजिनाल्ड रोझ यांचं ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’. बासू चटर्जींच्या ‘एक रुका हुआ फैसला’मुळे आपल्याला ते चांगलं ठाऊक आहे. बंद खोलीत बारा ज्यूरी, एका पोराच्या जिवाचा प्रश्न, अकरा जण ‘दोषी’ म्हणताहेत आणि एकटा अडून बसलाय. रूमियेत या भूमिका करणारे सगळे शिक्षा भोगणारे कैदी होते. ज्यांच्यावर न्यायालयानं निकाल दिला तेच आता दुसऱ्याच्या निकालाचा विचार करत बसले होते, आणि समोर प्रेक्षकांत न्यायाधीश, मंत्री, पोलीस अधिकारी होते. ४५ कैदी, १५ महिने काम. त्यातल्या काहींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. मूळ नाटकाच्या मध्ये मध्ये त्यांनी स्वतःची मनोगतं आणि गाणी गुंफली.

हे काम उभं करणाऱ्या झैना दकाश या नाट्योपचारक. २००७ साली त्यांनी ‘कथार्सिस’ हे लेबनॉनमधलं नाट्योपचार केंद्र काढलं. चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षेत सूट देणारा ४६३ क्रमांकाचा कायदा तिथं २००२ पासून कागदावर पडून होता. या प्रयोगांनंतर, २००९ मध्ये, त्याची अंमलबजावणी सुरू झाली. पुढे बाबदाच्या महिला तुरुंगात त्यांनी ‘शहरजादची डायरी’ हे नाटक उभं केलं. मारहाण सोसलेल्या, त्यातून गुन्ह्याकडे गेलेल्या बायका तिथं बोलल्या. अशा मारहाणीविरुद्ध इतर संघटनांचा लढा चालू होताच; २०१४ मध्ये लेबनॉनला कौटुंबिक हिंसेविरुद्धचा कायदा मिळाला. नंतर दकाश यांनी मनोरुग्ण कैद्यांचा प्रश्न हाती घेतला. १९४३ च्या दंडसंहितेप्रमाणे या माणसांना ‘बरे होईपर्यंत’ डांबून ठेवता येत होतं आणि दीर्घ मनोविकार असलेल्याच्या बाबतीत याचा अर्थ मरेपर्यंत असाच होतो.

हे काम कुठून कुठं आलं ते पाहा. संहिता अमेरिकेतून आली. दकाश यांनी इटलीत आर्मांदो पुंझो यांच्याबरोबर काम केलं होतं. पुंझोंनी १९८८ पासून टस्कनीतल्या व्होल्टेरा तुरुंगात कैद्यांची नाटकमंडळी चालवली आहे. नाट्योपचारक म्हणून दकाश यांची नोंदणी उत्तर अमेरिकेतल्या संघटनेकडची. आणि जे घडलं ते मात्र अरबीत घडलं, लेबनॉनच्या कायद्याला भिडलं, तिथल्या तुरुंगाच्या भिंतीआड. माझ्या मते सरहद्द ओलांडून होणाऱ्या कामाचा हाच योग्य क्रम आहे. शिकायला कुठंही जावं. काम मात्र तिथल्या माणसानं, तिथल्या भाषेत करावं.

या शाखेचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तोही देशांतराचाच आहे. जेकब मोरेनो १८८९ साली बुखारेस्टमध्ये जन्मले, व्हिएन्नात वैद्यक शिकले, तिथं त्यांनी उत्स्फूर्त नाट्याचे प्रयोग केले, १९२५ मध्ये अमेरिकेत गेले आणि सायकोड्रामा ही त्यांची उपचारपद्धती तिथं रुजली. इंग्लंडमध्ये पीटर स्लेड यांनी १९३९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनपुढे डॉक्टरांना नाट्योपचाराची कल्पना सांगितली. ब्रिटनची संघटना १९७७ ची, अमेरिकेतली १९७९ ची. ब्रिटनच्या संघटनेमागे ज्या सू जेनिंग्ज होत्या, त्या १९७० च्या दशकात आपल्या मुलांना घेऊन मलेशियाच्या जंगलात तेमियार लोकांमध्ये राहिल्या. तेमियारांचे रात्रभराचे नाच आणि गाणी त्यांनी पाहिली, त्यावर १९९५ साली ग्रंथ लिहिला. माणूस आजारी पडल्यावर केलेला नाच वेगळा आणि आजार येऊ नये, वस्ती एकत्र राहावी म्हणून केलेला नाच वेगळा, ही जाण त्यांना तिथं मिळाली. पुढे ग्रीस, इस्रायल, रुमेनिया अशा देशांत त्यांनी शिकवलं.

इथं जरा थांबते. आपल्याकडे जागरण आहे, गोंधळ आहे, दशावतार आहे. परदेशातून येणाऱ्या आणि इथल्याही काही उत्साही मंडळींना वाटतं, की यातला विधी उचलावा आणि कार्यशाळेत वापरावा. मला हे मुळीच पटत नाही. गोंधळ घालणाऱ्या घराण्याचा त्या विधीवर हक्क आहे, देवीशी त्यांचा करार आहे, त्यामागे कुळाचार आहे. जेनिंग्ज तेमियारांकडून समजूत घेऊन परतल्या. त्यांचा नाच त्यांनी लंडनमध्ये विकायला मांडला नाही. या दोहोंतलं अंतर नाट्योपचार शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या वर्षीच कळायला हवं.

आता उपचाराबद्दल, थोडंच. नाट्योपचारात माणसाला त्याची कहाणी थेट सांगायला लावत नाहीत. तो गोष्ट रचतो, भूमिका घेतो, बाहुली किंवा मुखवटा हातात धरतो, आणि त्या आडोशानं जे एरवी ओठांवर येत नाही ते येतं. न्यूयॉर्क विद्यापीठात हा अभ्यासक्रम उभा करणारे रॉबर्ट लँडी यांनी यातल्या अंतराचा सविस्तर विचार केला. भूमिका फार दूरची असेल तर माणूस कोरडा राहतो, फार जवळची असेल तर बुडून जातो. दोन्हींच्या मधली जागा शोधणं हे उपचारकाचं कौशल्य. आणि सत्र संपताना भूमिका उतरवावी लागते. ज्या बाईनं सासूची भूमिका केली ती खांद्यावरची ओढणी काढते, घडी करून पेटीत ठेवते, स्वतःचं नाव मोठ्यानं घेते, खोलीतल्या चार वस्तूंची नावं सांगते, पाय जमिनीला टेकवते. मगच दार उघडायचं. हौशी नाट्यशिबिरात आणि उपचारात जे फरक आहेत त्यात हा मला सर्वांत मोठा वाटतो.

पण उपचारकाचं काय? त्या दोन तासांत तिलाही कोणी आई केलेलं असतं, कोणी सावकार, कोणी मेलेला भाऊ. ते सगळं तिच्या अंगावर राहतं. तिची भूमिका उतरवायला कोण येणार? याची व्यवस्था या व्यवसायात आहे, तिला सुपरव्हिजन म्हणतात: अनुभवी सहकाऱ्यासमोर नियमानं बसायचं, सत्रात काय झालं ते मांडायचं, आपल्या मनात काय उमटलं तेही मांडायचं. ब्रिटनमध्ये कितीही वर्षं काम केलेलं असलं तरी हे चुकत नाही. आता कल्पना करा, एखाद्या जिल्ह्यात, किंबहुना एखाद्या अख्ख्या राज्यात हे काम करणारी ती एकटीच आहे. ती कोणासमोर बसणार? देशोदेशीच्या नाट्योपचारकांचा समाज हवा तो मुख्यतः या कारणासाठी. परिषदा, बोधचिन्हं, मानद पदं हे सारं असावं. मात्र ते नंतर.

आमचा असा एक छोटा गट आहे. महिन्यातून एकदा संगणकाच्या पडद्यावर भेटतो. ग्रीसमधली एक, मलेशियातली एक, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली एक मराठी बाई, आणि आम्ही इथल्या काही जणी. बोलणं इंग्रजीत होतं, पण एक रीत आम्ही पाळतो: सत्रातलं जे वाक्य सांगायचं ते आधी ज्या भाषेत उच्चारलं गेलं त्याच भाषेत सांगायचं. बाकीच्यांना कळो न कळो, आवाज ऐकू येतो.

मराठवाड्यात काम करणाऱ्या आमच्या एका सहकारिणीनं मांडलेलं सत्र तुम्हाला सांगते. संबंधितांच्या परवानगीनं आणि ओळख पटणार नाही असे बदल करून. शेतकरी घरातल्या, नवरा गेलेल्या बायकांचा गट होता. तिनं कागदाच्या सहा घड्या करून सहा चौकटी पाडायला सांगितल्या. पहिल्या चौकटीत गोष्टीतलं मुख्य पात्र, दुसरीत त्याचं काम, तिसरीत मदत करणारं कोणी, चौथीत अडथळा, पाचवीत त्याला तोंड कसं दिलं, सहावीत पुढं काय झालं. चित्र कसंही चालेल. चाळिशीतल्या एका बाईनं शेळी काढली. काम काय? “पाण्याला जायचंय.” मदत कोण करतं? तिनं विहीर काढली. अडथळा? “दावं आखूड हाय.” पाचव्या चौकटीत फक्त ओढाताणीच्या रेघा. आणि शेवटी ती म्हणाली, “दावं तुटलं. शेळी हिरीवर गेली.”

ग्रीसमधल्या मैत्रिणीला हे ऐकून बरं वाटलं. दोर तुटला, तहानलेला जीव पाण्यापाशी पोचला, आणि पाणी तर मदतीच्या चौकटीतच आहे. गोष्टीचं तिचं वाचन त्या सहा चौकटींच्या हिशेबानं अगदी रास्त होतं. आमच्या सहकारिणीच्या अंगावर मात्र त्याच क्षणी काटा आला होता. आपल्या गावातल्या बाईचं आणि विहिरीचं नातं तुम्हाला मी सांगायला नको. सहकारिणीनं त्या दुपारी गोष्टीतच राहून विचारलं, “शेळीला हिरीतून पाणी शेंदून कोण देतं?” बाई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “धाकटी जाऊ देईल. ती हाय तशी.” मग सत्र संपल्यावर, गोष्ट बाजूला ठेवून, तिनं त्या बाईला जिवाबद्दल सरळ विचारलं, जावेला बोलावून घेतलं आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांशी गाठ घालून दिली. त्या बाई आज बऱ्या आहेत.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग परदेशातल्या माणसांची गरजच काय? विहीर तर इथल्याच बाईला कळली. खरं आहे. पण त्या बैठकीत मलेशियातली सहकारी इतका वेळ काही बोलली नव्हती. तिनं शेवटी एवढंच विचारलं, “त्या दिवशी संध्याकाळी तू जेवलीस कुणाबरोबर?” आमची सहकारीण पडद्यावर रडायला लागली. आठवड्याला तीन गट, शंभरेक किलोमीटरचा एसटीचा प्रवास, आणि घरी गेल्यावर कुणाला काही सांगायची सोय नाही, कारण सांगायचंच नसतं. आम्ही मराठी मंडळी त्या बाईच्या आणि विहिरीच्या काळजीत इतकी गुंतलो होतो, की खेळ मांडणारीकडे पाहिलं ते दूरच्या माणसानं. जवळच्याला जे दिसतं ते दूरच्याला दिसत नाही आणि दूरच्याला दिसतं ते कित्येकदा जवळच्याच्या नजरेतून निसटतं. म्हणून दोघं हवेत, एकाच बैठकीत, वर्षानुवर्षं.

त्या सहा चौकटींचाही प्रवास सांगण्यासारखा आहे. रशियात व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली लोककथांची रचना उलगडून दाखवली. नेदरलँड्सच्या अलिदा गर्सी यांनी इंग्लंडमध्ये काम करताना अशा रचनांवरून गोष्ट घडवण्याची रीत विकसित केली. मूली लाहाद यांनी ती उत्तर इस्रायलमधल्या किर्यात श्मोना इथं, रॉकेट हल्ल्यांच्या छायेत जगणाऱ्या माणसांसाठी वापरली. संकटाला कोण कसं तोंड देतं हे त्या गोष्टीतून ओळखता यावं म्हणून. १९९२ मध्ये त्यांचं लिखाण जेनिंग्ज यांनी संपादित केलेल्या पुस्तकात आलं आणि तिथून ते जगभर गेलं. आज ते मराठवाड्यातल्या बाईच्या हातात आहे, आणि तिनं त्यात शेळी काढली. साधन असं हिंडावं. त्यात भरायची गोष्ट ज्याची त्याची.

पण नकाशा एकदा डोळ्यांपुढे आणा. किर्यात श्मोना लेबनॉनच्या सरहद्दीला लागून आहे. दोन्ही देशांत कायदेशीर अर्थानं युद्धच चालू आहे आणि लेबनॉनच्या १९५५ च्या बहिष्कार कायद्यानुसार तिथल्या नागरिकाला इस्रायली माणसाशी व्यवहार करता येत नाही. म्हणजे त्या दोन देशांतल्या नाट्योपचारकांना एका खोलीत बसून आपल्या माणसांविषयी बोलणं जवळपास अशक्य आहे, आणि दोघांच्या समोर येणारी पोरं तेच आवाज ऐकून दचकतात. “कलेला सीमा नसते” असं व्यासपीठावरून सहज म्हटलं जातं. सीमा असते. तिच्यावर सैनिक असतात, व्हिसाची रांग असते, तुरुंगवासाची भीती असते. नाट्योपचारकांचा समाज बांधायचा तर ही सीमा आहे असं मान्य करूनच बांधावा लागेल. ज्यांना भेटणं धोक्याचं आहे त्यांच्यावर एकोप्याच्या छायाचित्रासाठी दबाव आणता कामा नये.

जिथं भेटणं शक्य होतं तिथं काय घडू शकतं याचं उदाहरण अर्मांद व्होल्कास यांचं. त्यांचे आईवडील नाझींविरुद्ध लढलेले, आउश्वित्झमधून वाचलेले. कॅलिफोर्नियात नाट्योपचारक झाल्यावर व्होल्कास यांनी छळछावण्यांतून वाचलेल्यांची मुलं आणि नाझींची मुलं यांना एकत्र बसवलं. पुढे क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठातल्या कुनिको मुरामोतो यांच्यासह त्यांनी जपानी आणि चिनी माणसांचा गट २००९ मध्ये थेट नानजिंगमध्ये घेतला, जिथं १९३७ च्या डिसेंबरात जपानी सैन्यानं कत्तल केली होती. आजोबांनी केलेलं आणि आजोबांनी सोसलेलं, दोन्हींचे वारस समोरासमोर. माझी फार इच्छा आहे, की फाळणीबाबत असं काम अमृतसर आणि लाहोरच्या नाट्योपचारकांनी मिळून करावं. त्याला सरकारांची परवानगी लागेल, ती आज मिळेल असं नाही. पण दोन्हीकडची माणसं आधी तयार असली पाहिजेत. परवानगी मिळाल्यावर शिकायला बसलो तर फार उशीर होईल.

आता एका अडचणीबद्दल बोलते, कारण तिच्यामुळे या सगळ्या कामाचं नाव खराब होतं. संकट आलं की तज्ज्ञ विमानानं येतात. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत अशी माणसं मोठ्या संख्येनं उतरली. त्यातल्या बहुतेकांचा हेतू चांगला होता. आठवड्याची कार्यशाळा, मुलांना बोलतं करायचं, रडू द्यायचं, स्थानिक शिक्षकांना प्रमाणपत्र द्यायचं आणि परत. उघडलेली जखम बांधायला मागं कोणी नाही. या अनुभवांनंतर, २००७ साली, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि मदतकार्य करणाऱ्या संघटनांच्या स्थायी समितीनं आपत्तीतल्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्पष्ट म्हटलं आहे, की गुंतागुंतीच्या मानसिक उपचारांची तयारी एखाद्या तुटक, छोट्या, पाठपुरावा नसलेल्या प्रशिक्षणानं करू नये. ही सूचना नाट्योपचाराला सर्वांत आधी लागू होते, कारण नाटक फार लवकर उघडतं. गोष्ट, ढोल, मुखवटा हाती आला की दहा मिनिटांत माणूस खुला होतो. बंद करायला मात्र महिने लागतात.

म्हणून माझा आग्रह आहे, की बाहेरून येणाऱ्यानं इथल्या माणसाच्या हाताखाली काम करावं. कोणत्या गावात जायचं, काय खेळायचं, काय खेळायचं नाही, हे इथल्यानं ठरवावं. पाहुण्यानं पुन्हा येण्याची तारीख आधी द्यावी आणि मधल्या काळात महिन्यातून एकदा ऐकायला बसावं. हे जमत नसेल तर पैसे पाठवावेत, पुस्तकं पाठवावीत. खेळ मांडू नये.

परकी पद्धत आपल्या मातीत आणताना किती जबाबदारीनं आणता येते याचं उदाहरण आपल्या घरात आहे. डॉ. मोहन आगाशे हे मनोविकारतज्ज्ञ आणि नट. बर्लिनच्या ग्रिप्स रंगभूमीची ओळख त्यांनी १९८६ च्या सुमारास पुण्याला करून दिली. मोठ्या नटांनी मुलांच्या भूमिका करायच्या, मुलांचे खरे प्रश्न मांडायचे आणि ते मुलांनीच सोडवायचे, ही बर्लिनची रीत. पण रंगमंचावर आलेली घरं, शेजारी, भांडणं, गाणी इथली होती. ग्रिप्स हा उपचार नव्हे, तो नाटकाचाच भाग. तरी त्यात दोन देशांतले रंगकर्मी वर्षानुवर्षं एकमेकांकडे जात-येत राहिले, आणि ते नाटक पाहून मोठी झालेली पिढी आज या सभागृहातही असेल. डॉ. जगन्नाथ वाणी यांचंही नाव घ्यायला हवं. धुळ्याकडचे वाणी कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. तिथं राहून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट त्यांच्या पुढाकारातून झाला. परदेशस्थ मराठी माणूस निधी तर देऊ शकतोच; तो बांधीलकीही कशी देऊ शकतो हे त्यांनी दाखवलं.

राहिला प्रश्न मान्यतेचा. ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना कोणी स्वतःला ड्रामाथेरपिस्ट म्हणवलं तर तो गुन्हा आहे. अमेरिकेत नोंदणी व्यावसायिक संघटना करते, तिथल्या राज्यांचे परवाने निराळे. युरोपात देशागणिक वेगळी तऱ्हा. तिथल्या संघटनांनी महासंघ केला आहे, आणि अलीकडे जागतिक पातळीवरही हात जोडले जाऊ लागले आहेत. आपल्याकडे २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात, परिशिष्टात, कला आणि नृत्य-हालचाल उपचारकांचा उल्लेख आहे. नाटकाचं नाव स्वतंत्रपणे नाही. नाटकवेड्या महाराष्ट्रानं हे गप्प बसून पाहू नये. लंडनहून शिकून आलेली मुलगी नागपुरात काम करू लागली की तिला ना पदनाम, ना रुग्णालयात जागा. उलट बाजूला दोन दिवसांचं शिबिर केलेला माणूस पाटी लावून बसतो, त्याला विचारणारं कोणी नाही. यातला दुसरा प्रकार मला जास्त भीतीदायक वाटतो. रुग्णाचं रक्षण हा मान्यतेचा पहिला हेतू आहे, आमची प्रतिष्ठा नंतर.

आणि ही मान्यता मिळेल तेव्हा प्रशिक्षण मराठीतून मिळालं पाहिजे. आज हे शास्त्र शिकायचं तर इंग्रजीतून, मोठ्या शहरात, मोठी फी भरून. ज्या आशा ताई, ज्या आश्रमशाळेतल्या शिक्षिका, जे व्यसनमुक्ती केंद्रातले कार्यकर्ते या कामाला सर्वांत योग्य आहेत, ते त्या दारापर्यंत पोचतच नाहीत. त्यांना विहीर कळते. त्यांना चौकटी आणि सुपरव्हिजन हवं आहे.

या सभागृहात नाट्यसंस्थांचे लोक आहेत, डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, आणि हे व्याख्यान छापून झाल्यावर ते परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतही वाचलं जाईल असं संयोजकांनी सांगितलं आहे. म्हणून तीन मागण्या करते. विद्यापीठांच्या मानसशास्त्र आणि नाट्यशास्त्र विभागांनी एकत्र बसून मराठीतून किमान दोन वर्षांचा अभ्यासक्रम आखावा; एकट्या विभागाला तो पेलणार नाही. नाट्यसंस्थांनी आपली तालमीची जागा आठवड्यातून एक दुपार या कामाला मोकळी करून द्यावी. आणि लंडन, न्यू जर्सी, सिडनी, सिंगापूर, कुठंही असलेल्या ज्या मराठी माणसानं नाट्योपचाराचं रीतसर शिक्षण घेतलं आहे, त्यानं महिन्यातला एक तास इथं एकट्यानं काम करणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला द्यावा. शिकवायला नको, ऐकायला द्यावा. निदान दोन वर्षं तो तास मोडू नये. नावं संयोजकांकडे नोंदवता येतील. जोड्या लावायचं काम आमचा गट करील.